शिवडीचे रोहित, दादरची पाने : थंडीतला एक दिवस दोघांसाठी

मुंबई - थंडीची चाहूल लागली की मुंबईकर जोडप्यांना लोणावळा, माथेरानचे वेध लागतात. रविवारी पहाटे गाडी पकडायची, गर्दीत दिवस घालवायचा आणि रात्री थकून परतायचे, हा शिरस्ता. मात्र याच दिवसांत हजारो पाहुणे गिरगाव, परळ, लालबागपासून हाकेच्या अंतरावर मुक्कामाला आलेले असतात, याची अनेकांना कल्पना नसते. सकाळी पक्षी पाहावेत, येता-जाता गळालेली पाने-शेंगा गोळा करून दुपारी त्यांतून घरी काही घडवावे आणि संध्याकाळी चौपाटी गाठावी, असा एक दिवस नोकरदार पती-पत्नीला फारसा खर्च न करता सहज आखता येतो. त्यासाठी हवी ती थोडी पूर्वतयारी आणि काही पथ्ये.

आधी तिथी पाहा

हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकाच्या पूर्वेला, बंदराच्या परिसरात खाडीची दलदल पसरली आहे. येथे पक्षी दिसणार की नाही, हे घड्याळावर नव्हे तर भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, तर पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात. त्यामुळे भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले.

भरतीची वेळ काढण्याचे कोळीबांधवांचे गणित सोपे आहे. पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात आणि चतुर्थीला तीन वाजता भरती येते. म्हणजे दशमीच्या सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पाणी उतरू लागते आणि उघड्या पडणाऱ्या चिखलावर पक्षी किनाऱ्याजवळ येतात. सुट्टीचा वार आणि सोयीची तिथी यांचा मेळ घालण्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे. हा ढोबळ हिशेब असल्याने निघण्यापूर्वी भरतीचे अधिकृत वेळापत्रक आणि प्रवेशाची व्यवस्था तपासून घेणे चांगले.

चिखलातील गुलाबी पंगत

शिवडीचे मुख्य आकर्षण म्हणजे रोहित, अर्थात फ्लेमिंगो. १९९४च्या सुमारापासून ते येथे मोठ्या संख्येने येऊ लागल्याचे पक्षीनिरीक्षक सांगतात. यात छोट्या रोहितांचा भरणा अधिक असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेले थवे उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत मुंबई परिसरात राहतात. त्यांचे प्रजननस्थळ कच्छच्या रणात आहे. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ठाणे खाडीतील काही रोहितांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी गुजरातची वाट धरल्याचे दिसले.

रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि तिच्यातील गाळणीने पाण्यातील सूक्ष्म शेवाळ टिपतो. पिसांचा गुलाबी रंगही या आहारातूनच येतो. थव्यात करडे, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नव्हेत. ती पिल्ले असतात आणि त्यांना रंग चढायला काही वर्षे लागतात. रोहितांच्या आसपास शेकाट्या, चिखल्या, तुतारी हे लहान पक्षीही चिखल चाळताना दिसतात. एकाने दुर्बिणीतून पाहावे आणि दुसऱ्याने वहीत टिपावे, अशी वाटणी केली तर दोघांचाही वेळ चांगला जातो.

पाने, शेंगा आणि झेंडू

घरी परतताना दादर-माटुंग्यातील पाच उद्यानांचा परिसर किंवा शिवाजी पार्कचा कट्टा गाठावा. थंडी सरता सरता देशी बदामाची पाने लालभडक होऊन गळतात. गुलमोहराच्या तलवारीसारख्या शेंगा, बहाव्याच्या काळ्या नळ्या, सोनमोहराच्या तांबूस चपट्या शेंगा झाडाखाली मिळतात. कापडी पिशवी सोबत असली की झाले.

पाने जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तके रचावीत आणि कागद दर एक-दोन दिवसांनी बदलावा. आठ-पंधरा दिवसांत पाने सपाट होतात आणि त्यांपासून शुभेच्छापत्रे, पुस्तकातील खुणा तयार करता येतात. पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजवून मऊ ब्रशने हलकेच घासले की गर निघून शिरांची नाजूक जाळी उरते. मात्र भांडे घट्ट झाकावे आणि पाणी वरचेवर बदलावे, अन्यथा छंदापायी डासांची पैदास व्हायची.

त्याच दुपारी पूर्ण होणारे काम हवे असेल, तर देवघरातील निर्माल्य किंवा दादरच्या फूलबाजारातील झेंडू उपयोगी पडतो. पाकळ्या तासभर उकळून पाणी गाळावे आणि त्यात आदल्या रात्री तुरटीच्या पाण्यात भिजवलेले सुती कापड बुडवावे. रुमालाला सुरेख पिवळा रंग चढतो.

काय उचलावे, काय उचलू नये

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हला कुरव पक्ष्यांचे थवे भिरभिरतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशिया आणि तिबेटकडील सरोवरांवरून येतो. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो. त्यांना शेव-गाठिया टाकून फोटो काढण्याची हौस मात्र आवरायला हवी. मीठ-तेलाचे हे खाणे पक्ष्यांना अपायकारक आहे आणि त्यामुळे ते माणसावर अवलंबून राहू लागतात.

वाळूतील वस्तू गोळा करतानाही तारतम्य हवे. रिकामा वाटणारा शंख हे साधू खेकड्याचे घर असू शकते. गिरगाव, हाजीअली, वरळीच्या खडकांत जिवंत सागरी सृष्टी आहे. किनारा रस्त्याच्या बांधकामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या वसाहती हलवाव्या लागल्या होत्या. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी उचलणेही कायद्याला मान्य नाही. त्यामुळे झाडाखाली पडलेली सामान्य झाडांची पाने, शेंगा, बिया यांपुरतेच संकलन ठेवणे इष्ट. फांदी तोडणे तर सर्वथा वर्ज्य.

वहीतील नोंदीचे मोल

या छंदाला एक गंभीर बाजूही आहे. शिवडीच्या दलदलीवरूनच मुंबईला न्हावा-शेवाशी जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जातो. त्याचे बांधकाम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. पक्ष्यांचा विचार करून शिवडीलगत पुलावर ध्वनिरोधक बसवण्यात आले. उत्तरेकडील ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, तर २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडीची दलदल मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. पुलानंतर येथील थवे टिकले, घटले की सरकले, हे एका दिवसाच्या पाहणीने कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

या नोंदी केवळ शास्त्रज्ञांनीच ठेवाव्यात असे नाही. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेची सारी भिस्त स्वयंसेवकांवर असते. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, पक्ष्याचे नाव आणि अंदाजे संख्या एवढा तपशील लिहिला तरी नोंद उपयोगी ठरते. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजावेत, तेवढ्या घोळक्याचा आकार लक्षात ठेवावा आणि असे किती घोळके आहेत ते पाहावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहिले तर चूक कमी होते.

पिवळा रुमाल आणि पिंपळाची जाळी घरात राहते. वहीतील आकडा मात्र या दलदलीचे भवितव्य ठरवणाऱ्यांच्याही कामी येऊ शकतो.