विहाराच्या अंगणात पडदा लागू द्या!

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दरवर्षी 15 व 16 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो, भीमगीते घुमतात. पण हे प्रबोधन दोनच दिवसांपुरते का असावे?

घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले. व्यथित शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांत जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी 14 वर्षे चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट घडविला. तो शाहिरांच्या गाण्यांवर उभा आहे आणि वस्त्यावस्त्यांतून दाखविला गेला.

हेच ऊर्जानगरात व्हावे. येथील वीज राज्यभर जाते; मग आपल्या अंगणात एक पडदा का उजळू नये? शनिवारी चित्रपट, त्यावर चर्चा; रविवारी खेड्यापाड्यांतील गायनपार्ट्या. खर्च वर्गणीतून करावा, म्हणजे मंचावर कोणी बसायचे हे देणगीदार ठरविणार नाहीत. आणि गायकाला हारतुऱ्यांवर बोळवू नका, मानधन द्या. ज्यांच्या गळ्यावर चळवळ गावोगाव पोहोचली, त्यांच्या चुलीचा विचार चळवळीनेच करायचा आहे.