मुखवट्यातून उमटलेली ओळख

त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूंच्या घराण्यांची ओळख तीर्थपुरोहितांच्या नामावळीत जपलेली असते. नाव, गाव, कुळ, पिढ्या, सारे तेथे सापडते. चेहरा मात्र नसतो. जवळच्याच अंजनेरी येथील जैन मंदिरातला शके १०६३ चा शिलालेखही असाच. यादव राजा सेउणचंद्र याच्या वाणी मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न मंदिरास अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. दान कळते, दात्याचे रूप कळत नाही. ती उणीव पुढे छायाचित्राने भरून काढली. परंतु माणूस कसा दिसावा हे कोणी ठरवायचे, त्याने स्वतः की कॅमेरा धरणाऱ्याने, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर त्र्यंबकच्या पश्चिमेस, जव्हारच्या आदिवासी पाड्यांत सापडते. ते शोधणाऱ्या छायाचित्रकार गौरी गिल यांचा जन्म १९७० साली चंदीगड येथे झाला. १९९९ पासून त्या राजस्थानच्या वाळवंटी खेड्यांत वारंवार जात राहिल्या. एका फेरीत काम संपवण्याऐवजी त्यांनी तेथील कुटुंबांशी वर्षानुवर्षांचा स्नेह जोडला. २००३ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे बालिकांच्या मेळ्यात त्यांनी तंबूत छोटा स्टुडिओ थाटला. कसे उभे राहायचे, कोणासोबत राहायचे, हे मुलींनीच ठरवले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांचेही त्यांनी २००० ते २००७ या काळात चित्रण केले.

महाराष्ट्रात २०१३ पासून त्यांनी डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासह काम आरंभले. गिल यांच्या छायाचित्रांवर वांगड शाईने गावाच्या कथा रेखाटतात, श्रेय दोघांचेही.

जव्हार-मोखाडा भागात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव परंपरेने साजरा होतो. कागदाच्या लगद्यापासून बनवलेले देवदेवतांचे मुखवटे धारण करून रात्री सोंगे नाचवली जातात. २०१५ च्या सुमारास गिल यांनी तेथील कलावंत सुभाष व भगवान धर्मा कडू या बंधूंना वेगळी विनंती केली. देवांचे नव्हे, रोजच्या जगण्याचे मुखवटे घडवावेत. मग माणसांच्या नाना भावमुद्रा, पशुपक्षी, नित्याच्या वस्तूही मुखवट्यांत अवतरल्या. कोकणा आणि वारली समाजातील गावकऱ्यांनी ते चढवून आपल्याच घरात, दवाखान्यात, रस्त्यावर छायाचित्रे काढून घेतली. ही चित्रे २०१७ मध्ये जर्मनीतील कासेलच्या ख्यातनाम प्रदर्शनात आणि पुढील वर्षी न्यूयॉर्क येथे मांडली गेली. राजस्थानच्या चित्रमालेसाठी २०२३ मध्ये गिल यांना एक लाख स्विस फ्रँकचे ‘प्री पिक्टे’ पारितोषिक लाभले.

आदिवासींचे परक्यांनी काढलेले चित्र बहुधा दारिद्र्याचे वा नृत्याचे असते. येथे चेहरा झाकला जातो, आणि तरीही माणूस अधिक स्पष्ट दिसतो. कारण आपण कसे दिसावे, यात त्याचाही शब्द असतो. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, एका बाजूने पाहून तिचे पूर्ण ज्ञान होत नाही, ही अनेकान्ताची शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती केवळ तत्त्वचर्चेपुरती नाही.

आठवडे बाजारात धान्य, मीठ, कापड घ्यायला उतरणारा पाड्यावरचा माणूस व्यापाऱ्याला पिढ्यान् पिढ्या भेटतो. वहीत त्याच्या नावापुढे रक्कम असते. तो कोणाचा पुत्र, कोणत्या कलेचा धनी, बोहाड्यात कोणते सोंग घेणारा, हे विचारायला मात्र वहीत रकाना नसतो. तो रकाना मनात उघडता येतो. त्यासाठी गल्ल्यामागून क्षणभर मान वर करून पाहणे पुरेसे आहे.