गरोदरपणातील नागीण

गरोदर स्त्रीला होणारी नागीण (हर्पिस झॉस्टर) हा त्वचा व तंत्रिका यांचा विषाणुजन्य विकार आहे. व्हॅरिसेला-झॉस्टर या विषाणूमुळे तो होतो. याच विषाणूमुळे कांजिण्याही येतात. मात्र गर्भावरील परिणामांच्या दृष्टीने या दोन आजारांत मोठा फरक आहे. गरोदरपणात पहिल्यांदाच आलेल्या कांजिण्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात, तर नागिणीपासून गर्भाला सहसा धोका नसतो. नागीण प्रामुख्याने पन्नाशीनंतर होत असल्याने गरोदरपणात ती क्वचितच आढळते.

कारण

कांजिण्या बऱ्या झाल्यावरही विषाणू शरीरातून पूर्णपणे नाहीसा होत नाही. तो मेरुरज्जूलगतच्या तंत्रिका गुच्छिकांमध्ये सुप्तावस्थेत राहतो. पुढे प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास तो पुन्हा सक्रिय होऊन एखाद्या तंत्रिकेच्या मार्गाने त्वचेपर्यंत पोहोचतो. एडगर होप-सिम्पसन या ब्रिटिश डॉक्टरांनी ही उपपत्ती १९६५ मध्ये सविस्तर मांडली. त्यामुळे नागीण दुसऱ्या व्यक्तीकडून लागत नाही; ती रुग्णाच्या शरीरातच असलेल्या जुन्या विषाणूमुळे उद्भवते.

लक्षणे

प्रारंभी शरीराच्या एका बाजूस आग होणे, ठणका लागणे किंवा मुंग्या येणे अशी लक्षणे दिसतात. काही दिवसांत त्याच जागी लालसर चट्टे व पाण्याने भरलेले फोड पट्ट्याच्या आकारात उठतात. छाती, पाठ, कंबर व चेहरा या ठिकाणी ते अधिक आढळतात. साधारणपणे ७ ते १० दिवसांत फोडांवर खपली धरते व २ ते ४ आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते.

गर्भावरील परिणाम

नागीण झालेल्या स्त्रीच्या रक्तात पूर्वीच्या कांजिण्यांमुळे तयार झालेली प्रतिपिंडे असतात. ती वारेतून गर्भापर्यंतही पोहोचतात. शिवाय निरोगी स्त्रीमध्ये विषाणू मुख्यतः एका तंत्रिकेच्या क्षेत्रापुरता मर्यादित राहतो व रक्तावाटे फारसा पसरत नाही. या दोन कारणांमुळे गर्भ सुरक्षित राहतो.

गिसेला एंडर्स, एलिझाबेथ मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी व ब्रिटनमध्ये केलेले या विषयावरील महत्त्वाचे संशोधन १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गरोदरपणात कांजिण्या झालेल्या १,३७३ व नागीण झालेल्या ३६६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. जन्मजात व्हॅरिसेला संलक्षणाची ९ बालके आढळली. त्या सर्वांच्या मातांना पहिल्या २० आठवड्यांत कांजिण्या झाल्या होत्या. नागीण झालेल्या मातांच्या एकाही बालकात गर्भाशयातील संसर्गाची लक्षणे दिसली नाहीत. या संलक्षणात त्वचेवर व्रण, हातापायांची अपुरी वाढ तसेच डोळे व मेंदू यांतील दोष दिसून येतात.

प्रसूतीपूर्वीचे ५ दिवस ते प्रसूतीनंतरचे २ दिवस या काळात मातेला कांजिण्या झाल्यास नवजात बालकाला गंभीर आजार होऊ शकतो, कारण संरक्षक प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. नागिणीत ही प्रतिपिंडे आधीपासूनच असतात.

उपचार

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू केल्यास त्याचा अधिक लाभ होतो. ॲसायक्लोव्हिर व व्हॅलॅसायक्लोव्हिर ही औषधे गरोदरपणात वैद्यकीय सल्ल्याने दिली जातात. ॲसायक्लोव्हिरच्या वापरामुळे जन्मजात दोषांचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. वेदनाशमनासाठी पॅरासिटामॉल वापरतात. आयबुप्रोफेनसारखी औषधे, विशेषतः २० आठवड्यांनंतर, टाळली जातात. डोळा किंवा नाकाच्या शेंड्याजवळ फोड आल्यास दृष्टीला धोका संभवतो. अशा वेळी, तसेच पुरळ सर्वांगावर पसरल्यास किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास, तातडीने उपचार आवश्यक ठरतात.

संसर्ग व प्रतिबंध

नागिणीच्या फोडांतील द्रवाशी संपर्क आल्यास कांजिण्या न झालेल्या किंवा लस न घेतलेल्या व्यक्तीला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे घरातील एखाद्याला झालेली नागीण अशा गरोदर स्त्रीसाठी तिच्या स्वतःच्या नागिणीहून अधिक चिंतेची बाब ठरते. संपर्क आल्यास रक्तातील प्रतिपिंडे तपासतात व ती नसल्यास १० दिवसांच्या आत विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन देता येते. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवावे लागतात. स्तनावर फोड नसल्यास नागीण झालेली माता बाळाला स्तनपान देऊ शकते. कांजिण्यांची लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची असल्याने ती गरोदरपणात देत नाहीत.

समजुती

महाराष्ट्रात नागिणीच्या पट्ट्याचे तोंड व शेपूट एकमेकांना मिळाल्यास रोगी दगावतो, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात प्रत्येक तंत्रिकेचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूपुरते असल्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. क्वचित ते दोन्ही बाजूंस आले, तरी त्याचा अर्थ मृत्यू असा होत नाही. या भीतीपोटी मंत्र-उतारे किंवा लेप यांत वेळ गेल्यास औषधोपचाराचे पहिले ७२ तास वाया जातात.