केकचे घरगुती आयसिंग: पाकाचे आणि खव्याचे

केकवरचे आयसिंग टिकते की ओघळते, हे साखर आणि स्निग्धांश उष्णतेत कसे वागतात यावर ठरते. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि लोणी 32 ते 35 अंशांना वितळते. त्यामुळे फेटलेल्या लोण्याचा किंवा क्रीमचा थर उन्हाळ्यात फ्रिजबाहेर फार वेळ तग धरत नाही. जुन्या पद्धतीची शिजवलेली आयसिंग त्यामानाने भरवशाची आहेत, आणि त्यांना लागणारे बरेचसे कसब बालुशाही, पाकातल्या पुऱ्या किंवा पेढे करणाऱ्या हातांत आधीपासून असते.

सर्वांत सोपे ते लोण्याचे आयसिंग. 100 ग्रॅम बिनमिठाचे लोणी आधी एकटेच हलके होईपर्यंत फेटावे आणि त्यात 200 ग्रॅम पिठीसाखर थोडी थोडी घालत जावी. साखर घरी दळलेली असेल तर वस्त्रगाळ करावी. एरवी ती जिभेवर कचकचते. दळतानाच चमचाभर कॉर्नफ्लोअर टाकले तर गुठळ्या होत नाहीत. हे आयसिंग थंडीच्या दिवसांत करावे.

पाकाच्या आयसिंगला लक्ष जास्त लागते. 200 ग्रॅम साखर आणि सुमारे 80 मिलिलिटर पाणी मंद आचेवर ठेवावे आणि उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळू द्यावी. उकळी आल्यावर ढवळू नये. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एखादा कण जरी पाकात पडला, तरी त्याच्याभोवती स्फटिक जमू लागतात आणि पाकाची पुन्हा साखर होते. कडा ओल्या ब्रशने पुसाव्यात आणि पाकात लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबातील आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते. हे मिश्रण सहजासहजी स्फटिक धरत नाही. पाक 115 अंशांच्या आसपास पोहोचला की थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते. हा गोळीबंद पाक दोन अंड्यांच्या घट्ट फेटलेल्या पांढऱ्या बलकावर बारीक धारेने ओतावा, आणि ओतताना व त्यानंतरही मिश्रण गार होईपर्यंत फेटत राहावे. पांढरेशुभ्र, चकचकीत आयसिंग तयार होते. त्यात लोणी नसल्याने ते उन्हाळ्यात वितळत नाही. मात्र साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून पावसाळ्यात ते चिकट होते.

अंडे न चालणाऱ्या घरांसाठी या जिल्ह्याकडेच फार चांगले साधन आहे: भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा. बालाघाटच्या डोंगररांगेतले हे गाव जैनांचे सिद्धक्षेत्र म्हणून ओळखले जाते आणि तितकेच खव्यासाठी. 2024 मध्ये या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दूध सतत ढवळत आटवले की पाणी उडून जाते आणि स्निग्धांश, प्रथिने व दुधातली साखर एकत्र घट्ट होतात. यातल्या घन भागामुळे स्निग्धांश धरून राहतो, आणि म्हणून खव्याचा थर लोण्याइतका पटकन ढासळत नाही. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांनी खवा केकच्या आत घालून मावा केक लोकप्रिय केला. तोच खवा केकच्या वरही तितकाच शोभतो.

आयसिंगसाठी मऊ, ताजा खवा घ्यावा. दाणेदार खवा कलाकंदासाठी ठेवावा. 250 ग्रॅम खवा हाताने मोकळा करून अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावा. तूप सुटू लागण्याच्या आत तो उतरवायचा, कारण जास्त परतलेला खवा रवाळ होतो. तो पूर्ण गार झाल्यावरच 100 ग्रॅम पिठीसाखर मिसळावी. गरम खव्यात साखर वितळून मिश्रण सैल पडते. मग दोन-तीन चमचे गार दूध थोडे थोडे घालत ते मिक्सरमधून गुळगुळीत करून घ्यावे. वेलदोडा किंवा केशर पुरे; व्हॅनिलाची गरज नाही.

केक पूर्ण निवल्याशिवाय कोणतेच आयसिंग लावू नये. आधी पातळ हात देऊन सुटे कण दाबून टाकावेत, अर्धा तास थांबावे आणि मग पाण्यात बुडवलेल्या सुरीने जाड थर पसरावा. खवा नाशवंत असल्याने हा केक फ्रिजमध्येच ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. उन्हाळ्यात तो खाण्याच्या तासभर आधीच बाहेर काढावा.