वर्षभराचे वाचन : संकल्प आणि निवड

नववर्षाच्या आरंभी अनेक घरांतून वाचनाचा संकल्प सोडला जातो. यंदा पन्नास पुस्तके, असा आकडा उत्साहाने जाहीर होतो; आणि होळी येते न येते तोच चौथे पुस्तक खूण घालून उशाशी पडलेले आढळते.

वास्तविक रोज दहाच पाने वाचली तरी वर्षाकाठी ३,६५० पाने होतात, म्हणजे दोनशे पृष्ठांची अठरा पुस्तके. आकड्याच्या मागे लागलेला वाचक नकळत बारीक पुस्तके निवडू लागतो आणि प्रेमचंदांच्या ‘गोदान’सारखी (१९३६) भरघोस कादंबरी मागे पडते. म्हणून संकल्प पानांचा किंवा वेळेचा करावा, असे आमचे मत आहे.

दहा पानांस वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. परंतु तेवढीही सवड घरातील प्रत्येकास मिळतेच असे नाही. रात्रीच्या जेवणानंतर पुरुषमंडळी वर्तमानपत्र किंवा भ्रमणध्वनी हाती घेतात, तेव्हा गृहिणी ओटा आवरीत असते. तिचा संकल्प टिकावयाचा असेल, तर आवराआवर इतरांनी वाटून घ्यावयास हवी. नाहीतर कुटुंबाचा म्हणविणारा संकल्प निम्म्या कुटुंबाचाच ठरतो. भाजी निवडताना एकाने मोठ्याने वाचावे, हीही एक चांगली युक्ती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अशा वाचनास फार अनुकूल आहेत. विधिवत शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेची भाषा बोलण्याइतकी सहज आहे. ऐकणाऱ्यास हसूही येते आणि मध्येच हातातली मेथी तशीच राहते!

आता निवडीचा प्रश्न. त्यासाठी एक साधी वही करावी. पुस्तकाच्या नावापुढे ते कोणी सुचविले आणि का सुचविले, हे लिहावे. ‘फार छान आहे’ एवढ्या शिफारशीवरून काहीच कळत नाही. वर्षाअखेर वही चाळली म्हणजे कोणाची आवड आपल्याशी जुळते, हे आपोआप ध्यानी येते.

बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांस तर विशेष संधी आहे. शेजाऱ्यांस विचारावे, ‘तुमच्या भाषेतील एकच पुस्तक आम्ही वाचावयाचे, तर कोणते?’ साहित्य अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली; तिचे पुरस्कार आज २४ भाषांतील ग्रंथांस मिळतात. तिची पुरस्कारयादी चाळण्यासारखी आहे, पण ती शेजाऱ्याच्या आग्रहाची जागा घेऊ शकत नाही. तकषी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ला १९५७ मध्ये हा मान मिळाला, केरळच्या कोळीवाड्यातील ही कथा कोकणच्या वाचकास परकी वाटू नये. भैरप्पांची कन्नड ‘वंशवृक्ष’ उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची ‘आदान-प्रदान’ माला तर अशा परस्पर अनुवादांसाठीच आहे.

मुलांची निवड मुलांनाच करू द्यावी. कंटाळवाणे पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभा थोरांप्रमाणे त्यांनाही असावी.

सर्व पुस्तके विकत घेणे परवडण्याजोगे नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ लाभावा, हे त्यांतील एक तत्त्व. तेव्हा वहीतील जी नावे गावच्या वाचनालयात नसतील, ती ग्रंथपालांस लेखी कळवावी, आणि पुढील खरेदीच्या वेळी पुन्हा आठवण करावी.