नरक्याचा निळा ठिपका

नरक्या हे सह्याद्रीच्या दाट जंगलातलं लहानसं झाड. फुलांना घाण वास. त्याच्या सालीचा वाळवलेला भुगा अर्क काढण्याच्या सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात भरला होता. खाली मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबानं भुग्यावर पडते. नळी भरली की सगळा द्राव गटकन खाली उतरतो आणि पुन्हा तेच. पहिला उतारा गडद, पुढचे फिके होत जातात. काम संथ आहे, पण डोळा हलत नाही.

अर्क आटवून त्याचा केसाएवढ्या नळीनं घटक वेगळे करणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर ठिपका दिला, शेजारी शुद्ध नमुन्याचा. पट्टीवर द्रावक चढू दिला. ती वाळली तेव्हा दिसण्यासारखं काहीच नव्हतं. संशोधक विद्यार्थिनीनं खोलीतला दिवा घालवून यूव्ही लावला, तसे दोन्ही ठिपके एकाच उंचीवर निळे झळकले. कॅम्प्टोथेसिन.

हे रसायन १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे नंदुरबारचे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं! नरक्यात ते सापडल्याचं १९७२ मध्ये जाहीर झालं.

पुढची चाचणी पेशींवर. ९६ खळग्यांच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवून अर्क घालायचा, मग एमटीटी नावाचं पिवळं रंगद्रव्य. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. मेल्या असतील तिथं पिवळंच राहतं. अशा पिवळ्या खळग्यांवरूनच ‘अमुक वनस्पती कॅन्सरवर गुणकारी’ असे मथळे निघतात. ताटलीत पेशी फिनाइलनंही मरतात. प्रश्न असतो रोग्याच्या धडधाकट पेशी वाचतात का, हा.

कॅम्प्टोथेसिन तिथंच अडकलं. पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रोग्यांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि १९७०च्या दशकात चाचण्या थांबल्या. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते जखडतं, हे १९८५ मध्ये कळलं. मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं तयार झाली. दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ साली, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी.

इकडे तेवढ्यात या रसायनापायी नरक्याची झाडं चोरून तोडली जाऊ लागली.

कुणी नरक्याचा काढा सुचवला तर घेऊ नका. त्यात किती विष उतरलंय, हे कुणीच मोजलेलं नसतं.