नसरीनआपांच्या रेषा

रेडिओवर चित्रांविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवता काहीच येत नाही. पण आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या नसरीन मोहमेदी यांच्या बाबतीत ही अडचण जरा कमी आहे. त्यांच्या चित्रांत दाखवण्यासारखं फारसं काही नसतंच. पांढरा कागद, पेन्सिल, काळी शाई आणि रेषा. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. चित्राला नाव नाही. बहुतेक चित्रांवर तारीख नाही की सही नाही.

मी ही चित्रं पहिल्यांदा पाहिली ती २०१३ साली, दिल्लीत. कवितावाचनाला गेलो होतो. संध्याकाळ मोकळी होती म्हणून साकेतच्या किरण नाडर म्युझियममध्ये शिरलो. हे म्युझियम तेव्हा एका मॉलमध्ये होतं. बाहेर दुकानांचा लखलखाट आणि आत या शांत, करड्या रेषा. पहिल्या पाच मिनिटांत मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. हे तर इंजिनिअरिंगच्या मुलाच्या ड्रॉइंग शीटसारखं दिसतंय! यात कला कुठाय?

मग एका चित्राच्या अगदी जवळ गेलो. लांबून जो सलग करडा पट्टा वाटत होता, तो सुटा सुटा झाला. केसाइतक्या बारीक असंख्य रेषा. काही दाट, काही फिकट होत होत कागदात विरून जाणाऱ्या, काही मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या. आणि मला एकदम अब्बांचा माग आठवला.

सोलापूरला आमच्या घरी हातमाग होता. ताणा लावला की उभे धागे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले असत. लहानपणी मी खाली बसून त्यांच्या आरपार बघायचो. एक धागा सैल पडला तरी कापडावर त्याची खूण उमटते, असं अब्बा सांगत. पुढे एका पुस्तकात नसरीन मोहमेदींनी काढलेली छायाचित्रं पाहिली. त्यात एक चक्क मागावरच्या ताण्याचं होतं! तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना नसरीनआपा म्हणतो. त्यांची माझी भेट कधीच झाली नाही.

त्यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. फाळणीच्या आधीच कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचा व्यवसाय बाहरीनमध्ये होता, त्यामुळे तिथलं वाळवंटही त्यांनी जवळून पाहिलं. १९५४ ते ५७ लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर पॅरिस. मधल्या काळात मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा वावर होता. तिथं वासुदेव गायतोंडे होते, हुसेन होते. गायतोंड्यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला असं सगळेच म्हणतात आणि ते खरंही दिसतं. सुरुवातीच्या चित्रांत फांद्यांसारखे, पाण्यासारखे आकार आहेत. मग ते आकार हळूहळू गळत गेले.

१९७२ मध्ये त्या बडोद्याला ललित कला विद्याशाखेत शिकवायला आल्या. हा काळ समजून घ्यायला हवा. बडोद्यात तेव्हा भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख अशी मंडळी माणसांची, गल्ल्यांची, गोष्टींची चित्रं काढत होती. १९८१ साली त्या धर्तीचं ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन गाजलं. त्या सगळ्या गजबजाटात ही बाई ड्राफ्टिंगच्या टेबलावर वाकून, पट्टी आणि बारीक टोकाचं पेन घेऊन रेषा ओढत बसलेली. कवितेच्या भाषेत सांगायचं तर चहूकडे पोवाडे चाललेत आणि एक जण एकच शब्द घासूनपुसून ठेवतोय.

पण त्या रेषा कोरड्या नाहीत. सत्तरच्या दशकात त्या आडव्या-उभ्या जाळीसारख्या आहेत. नंतर तिरक्या होतात. ऐंशीच्या दशकात तर कागद बराचसा मोकळाच राहतो आणि दोन-चार तिरप्या रेषा, एखादी कमान, एखादा त्रिकोण अधांतरी तरंगतो. हे सगळं हाताने. रेषा शाईची असली की खोडता येत नाही. शेकडो रेषांनंतर एक चुकली तर कागद गेला.

आणि याच बाईला एक दुर्धर मज्जाविकार जडला. पार्किन्सनच्या जातीचा, हातापायांवरचा ताबा काढून घेणारा. आयुष्याच्या शेवटच्या दशकात तो बळावत गेला. तरी रेषा सरळच राहिली, उलट अधिक नेमकी झाली. यावर लोक हळवे होऊन लिहितात, जणू आजारानेच ही चित्रं काढवून घेतली. मला ते पटत नाही. रेषा आधी आली, आजार नंतर बळावला. तिने आजाराशी काय केलं हे जरूर सांगा, पण श्रेय आजाराला देऊ नका.

आणखी एका गोष्टीचा मला राग येतो. मुसलमान नाव दिसलं की काही जण लगेच या रेषांत मशिदीची जाळी आणि अरबी सुलेखन शोधतात. फतेहपूर सिक्रीची छायाचित्रं त्यांनी काढली आहेत, हे खरं. पण चंडीगडच्या इमारतींचीही काढली आहेत आणि किनाऱ्याचीही. क्ले, कॅन्डिन्स्की, मालेविच ही नावं त्यांना तितकीच जवळची होती, हिंदुस्तानी संगीतही. मी मराठीत लिहितो, तरी माझ्या ओळींत उर्दू गझल कुठे लपलीय हे शोधणारे मला अजून भेटतात. तेव्हा हा राग थोडा माझ्याकरताही आहे, हे कबूल करतो.

ही छायाचित्रं त्यांनी हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत. जगाने त्यांना ओळखलं तेही नंतरच. २००७ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या टेटमध्ये, मग माद्रिदला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हाच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन मोहमेदी होत्या. अमेरिकेच्या अ‍ॅग्नेस मार्टिनशी त्यांची तुलना होते. तुलना चुकीची नाही, पण त्यामुळे बडोद्याचं ते टेबल नजरेआड होतं.

त्या गेल्या मे १९९० मध्ये, अलिबागजवळ किहीमला. सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तेच किहीम. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. ओहोटीची वेळ होती. पाणी मागे सरताना वाळूवर एकाखाली एक बारीक रेघा ठेवून जात होतं. आपांनी या किनाऱ्याची छायाचित्रं काढलेली आहेत. मी फोन खिशातच ठेवला.

ते चित्रांचं पुस्तक मी नंतर घरी नेलं. अब्बा तेव्हा थकले होते, हात थरथरायचा. चष्मा लावून एका पानावर ते बराच वेळ वाकून राहिले. एका रेषेवरून बोट फिरवत फिरवत नेलं आणि जिथं ती थांबली होती तिथं थांबले. मला वाटलं, चूक काढणार. म्हणाले, “इथं तार तुटलेली नाही. सोडलेली आहे.” मग पान उलटून पुढच्या चित्रावर वाकले.